शहरात ड्रोनने पार्सल: आधी पडायच्या जागा, मग उडायची वाट

अवकाशरेषा

नकाशा उघडला की प्रत्येक जण पहिल्यांदा एकच गोष्ट करतो. रुग्णालय इथे, प्रयोगशाळा तिथे, मधे पट्टी ठेवून सरळ रेघ. "बघा, रस्त्याने नऊ किलोमीटर, हवेतून पाचच!" दोन वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. तेव्हापासून एका छोट्या गटाबरोबर शहरातल्या ड्रोन-फेऱ्यांची आखणी आणि चाचण्या करतोय. आता ती रेघ मी सगळ्यात शेवटी मारतो.

आधी नकाशावर हिरव्या रंगाने अशा जागा भरतो, जिथे ड्रोन पडला तरी कुणाला इजा होणार नाही. नदीचं पात्र, तलाव, पडीक जमीन, गोदामांची छपरं. मोकळं मैदानही, पण सुटीच्या दिवशी ते माणसांनी भरलेलं असतं, म्हणून वारांप्रमाणे दोन नकाशे करावे लागतात. मग शाळा, बाजार, बसथांबे, विजेच्या उच्चदाबाच्या तारा हे सगळं लाल. उरलेल्या हिरव्या तुकड्यांना जोडत जाणारी वाट शोधायची. अट एकच: वाटेवरच्या कुठल्याही ठिकाणी काहीही बिघडलं तरी जवळचा हिरवा तुकडा गाठता आला पाहिजे. वाट नागमोडी होते, पाच किलोमीटरचे साडेसहा होतात. ते जास्तीचे दीड किलोमीटर मला मान्य आहेत.

का, ते आकड्यात सांगतो. सामानासकट ५ किलोचा ड्रोन ३० मीटर उंचीवरून खाली आला, तर हवेचा रोध सोडून दिल्यास जमिनीला टेकताना त्याच्यात साधारण १४७० ज्यूल ऊर्जा असते. युरोपच्या नियमांत लोकवस्तीत उडवायच्या छोट्या ड्रोनसाठी 'सी १' नावाचा वर्ग आहे. त्याची मर्यादा आहे ९०० ग्रॅमपेक्षा कमी वजन, किंवा डोक्यावर आदळला तर ८० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जा. आदळणाऱ्या वस्तूची सगळीच ऊर्जा डोक्यात उतरत नाही हे मान्य, तरी ८० कुठे आणि १४७० कुठे!

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पाच किलोमीटर जायचं आणि यायचं आहे, ड्रोनचा हवेतला वेग सेकंदाला १५ मीटर. वारा नसेल तर फेरी ११ मिनिटांची. आता सेकंदाला ८ मीटरचा वारा समोरून आला, तर जाताना जमिनीवरचा वेग उरतो ७ मीटर. त्यालाच जवळजवळ १२ मिनिटं लागतात. "येताना तोच वारा ढकलेल की" असं सगळे म्हणतात. ढकलतो, परतीला साडेतीन मिनिटांच्या थोडं वर लागतात. पण बेरीज होते साडेपंधरा. म्हणजे जाण्यायेण्याचा हिशेब वारा कधीच फेडत नाही, बॅटरीला ४० टक्के जास्त वेळ काढावा लागतो. कागदावर 'दहा किलोमीटरची क्षमता' लिहिलेलं यंत्र वाऱ्याच्या दिवशी किती किलोमीटरचं राहतं, हा प्रश्न नियोजनाच्या पहिल्या बैठकीत विचारायला हवा.

चाचण्यांबद्दल. आम्ही मोकळ्या माळावर सुरुवात करतो. आधी रिकामा ड्रोन, मग वजन बांधून. वजन म्हणून आधी वाळूची पिशवी बांधायचो आणि सगळं सुरळीत व्हायचं. एकदा औषधाच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या. वळणावर आतलं पाणी एका बाजूला गेलं, ड्रोन ते सावरायला उलटा झुकला, तेवढ्यात पाणी परत आलं. खालून स्पष्ट दिसत होतं, दारू प्यायलेल्या माणसासारखा डुलत चालला होता. वजन तेवढंच, फक्त हलणारं. तेव्हापासून जे न्यायचं आहे त्याच्यासारखंच सामान ठेवून चाचणी करतो.

आणि मग मुद्दाम बिघाड करायचे. उडताना एक मोटर बंद करायची. चार मोटरींच्या ड्रोनची एक गेली की तो सहसा हाताबाहेर जातो, सहा किंवा आठ असतील तर सावरून उतरू शकतो. तो 'सावरू शकतो' हे कागदावर वाचून चालत नाही, पूर्ण वजनासकट आणि वाऱ्यात बघावं लागतं. संपर्क तोडायचा, जीपीएस बंद करायचं, बॅटरी अर्धवट भरून पाठवायचं. परवाच एका ओळखीच्या गटाने अभिमानाने सांगितलं की त्यांच्या ३०० फेऱ्या एकाही चुकीशिवाय झाल्या. मनापासून अभिनंदन केलं. पण संख्याशास्त्राचा साधा नियम असा की ३०० पैकी शून्य बिघाड झाले, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की बिघाडाचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. रोज २०० फेऱ्या करायच्या असतील तर ही खात्री अजिबात पुरेशी नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे अशा सेवा आता अनेक शहरांत येऊ घातल्यात आणि चर्चा फक्त वेगाची होते. तुमच्या छपरावरून अशी वाट जाणार असेल तर तुम्ही आधी काय विचाराल? मला खरंच जाणून घ्यायचंय.

चौथा_मजला

लेख आवडला. पण माझा प्रश्न पडण्याबद्दल नाही, न पडता रोज उडण्याबद्दल आहे. आमच्या खिडकीसमोरून दिवसातून चाळीस वेळा काहीतरी घोंघावत गेलं तर? घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. दुपारी दीड ते तीन हाच काय तो शांत वेळ. दुसरं म्हणजे त्याला कॅमेरा असतो ना? माझी खिडकी उघडी असते.

स्वयंगती

वाचतोय. तो ३०० फेऱ्यांचा हिशेब पहिल्यांदाच कळला. वाचनखूण साठवली आहे.

अवकाशरेषा

@चौथा_मजला, आवाजाची तक्रार नाजूकपणाची म्हणून उडवून लावणारे मला भेटलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

नासाच्या लँग्ली केंद्राने २०१७ मध्ये लोकांना ड्रोनचे आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकवून किती त्रासदायक वाटतात ते विचारलं होतं. आवाजाची पातळी सारखी असूनही ड्रोनचा आवाज जास्त त्रासदायक वाटला. म्हणजे फक्त डेसिबल मोजून "गाडीपेक्षा कमी आहे" असं सांगणं लोकांच्या अनुभवाला धरून नाही. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला ५००० वेळा फिरत असेल तर सेकंदाला साधारण १६७ ठोके हवेला बसतात. त्यात सहा मोटरी किंचित वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि वाऱ्याशी झुंजताना वेग सतत बदलतात. त्यामुळे सूर स्थिर राहत नाही, कानाला त्याची सवय होत नाही.

ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या बोनायथन उपनगरात २०१८ मध्ये विंग या ड्रोनने पार्सल पोचवणाऱ्या कंपनीच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा रहिवासी याच मुद्द्यावर संघटित झाले. तिथल्या विधानसभेच्या समितीने चौकशी केली. कंपनीला कमी आवाजाची पाती तयार करावी लागली. लोक बोलले म्हणून यंत्र सुधारलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नियोजनात करता येण्यासारखं असं: एकच वाट ठेवून त्याच घरांवर सगळा भार टाकू नये, चार वाटा आलटून पालटून वापराव्यात. शांततेचे तास ठरवावेत आणि ते यंत्रातच बसवावेत, चालकाच्या सद्भावनेवर सोडू नयेत. कॅमेऱ्याचं म्हणाल तर उतरण्याची जागा ओळखायला बहुतेकांना तो लागतोच. म्हणून प्रश्न असे विचारा: तो खाली बघतो की आडवा? चित्र साठवतो का? साठवत असेल तर किती दिवस, आणि ते कोण बघू शकतं? याची लेखी उत्तरं नसतील तर सेवा सुरू व्हायला नको.

रक्तपेढीवाली

मी रक्तपेढीत काम करते, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रवांडात झिपलाइन या ड्रोन-कंपनीने ऑक्टोबर २०१६ मध्ये रक्त पोचवायला सुरुवात केली. त्यावरचा अभ्यास २०२२ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. १२,७३३ फेऱ्यांचा हिशेब होता. रस्त्याच्या तुलनेत रक्त सरासरी ७९ ते ९८ मिनिटं लवकर पोचत होतं. पण आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी दुसरा आकडा जास्त डोळे मोठे करून वाचला: मुदत संपून वाया जाणाऱ्या रक्तघटकांचं प्रमाण एका वर्षात ६७ टक्क्यांनी घटलं. कारण सरळ आहे. हवं तेव्हा मागवता येतं म्हटल्यावर लहान रुग्णालयांना 'असू दे जवळ' म्हणून साठा करून ठेवावा लागत नाही. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यांच्यासाठी तर हे फारच मोलाचं.

मात्र ते विमानासारखे पंख असलेले ड्रोन आहेत. जागेवर उतरत नाहीत, पॅराशूट बांधलेला खोका मोकळ्या जागेत टाकून परततात. दाट शहरात हे जसंच्या तसं चालणार नाही.

आता आमचा अनुभव. एका रुग्णालयात चाचणी होती, नाव लिहीत नाही. रक्तनमुने ड्रोनने सात मिनिटांत गच्चीवर आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. किल्ली सुरक्षारक्षकाकडे, तो जेवायला गेलेला. खोका बावीस मिनिटं भर उन्हात पडून राहिला. आतला तापमान नोंदवणारा छोटा डबा नंतर संगणकाला जोडला, तेव्हा आलेखाची रेघ उड्डाणभर सपाट होती आणि गच्चीवर चढत गेली होती. तो आलेख मी छापून टेबलासमोर लावलाय.

म्हणून माझी विनंती: चाचणीची वेळ मोजताना घड्याळ नमुना काढल्यापासून सुरू करा आणि तंत्रज्ञाच्या हातात पडल्यावर थांबवा. गच्चीची किल्ली कुणाकडे, उद्वाहन बंद असेल तर काय, रात्रपाळीत कोण चढणार, हेही नियोजनच आहे.

अवकाशरेषा

ताई, हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. आम्ही उड्डाणाचा वेळ अर्ध्या मिनिटाने कमी करायला आठवडे घालवतो आणि किल्लीचा विचारच करत नाही. आमच्या नोंदवहीत आजपासून 'हातापासून हातापर्यंत' असा रकाना वाढवतोय.

एक विचारायचं होतं, कंपनांमुळे रक्तपेशी फुटतात का? आमच्या मोटरी बऱ्यापैकी थरथरतात.

रक्तपेढीवाली

तीच भीती आम्हालाही होती. म्हणून एकाच व्यक्तीचा नमुना दोन नळ्यांत घ्यायचा, एक ड्रोनने आणि एक गाडीने पाठवायची, आणि दोन्हींच्या तपासण्या लावून बघायच्या. पेशी फुटल्या की पोटॅशियम वाढलेलं दिसतं, त्यावर खास नजर ठेवायची. आमच्या चाचणीत दोन नळ्यांत फरक आढळला नाही. पण आमच्या खोक्यात फोमचा जाड थर होता. प्रत्येक नव्या खोक्यासाठी आणि नव्या ड्रोनसाठी ही जोडनळ्यांची तपासणी पुन्हा करायला हवी, जुन्या निकालावर विसंबू नये.

सोल्डरगन

तांत्रिक बाजूने थोडी भर.

१. उंच इमारतींच्या मधे जीपीएसवर डोळे झाकून विश्वास नको. उपग्रहाची लहर काचेच्या भिंतीवर आपटून येते. समजा तिने ३० मीटर जास्तीचा प्रवास केला, तर ती १०० नॅनोसेकंद उशिरा पोचते. ड्रोनला वाटतं उपग्रहच तेवढा लांब आहे, आणि तो आपली जागा चुकीची धरतो. दोन इमारतींमधली वाट २० मीटर रुंद असेल तर पुढे काय होणार ते सांगायला नको. त्याच वाटेवर वेगवेगळ्या वेळी नोंदी घ्या, कारण उपग्रहांच्या जागा बदलत राहतात. सकाळी बरोबर आलेली जागा दुपारी सरकलेली असू शकते.

२. गच्चीच्या स्लॅबमधलं लोखंड होकायंत्राला फसवतं. स्लॅबवर ठेवून होकायंत्र जुळवलं आणि वर गेल्यावर ड्रोन गोल गोल फिरायला लागला, हे मी स्वतः पाहिलंय. उतरण्याचा लाकडी मंच करून तो स्लॅबपासून वर उचला.

३. पाऊस. अॅमेझॉनचे दोन ड्रोन डिसेंबर २०२४ मध्ये ऑरेगॉनमधल्या पेंडलटनच्या चाचणीतळावर हलक्या पावसात पडले. उंची मोजणाऱ्या लायडरने (लेझरने अंतर मोजणाऱ्या संवेदकाने) चुकीचा आकडा दिला, यंत्राला वाटलं आपण जमिनीला टेकलो, आणि हवेतच पंखे थांबले. आधीच्या मॉडेलमध्ये पाय खरोखर टेकले की दाबलं जाणारं बटण होतं, ते नव्यात नव्हतं. एका संवेदकाच्या शब्दावर मोटरी बंद होता कामा नयेत, दुसऱ्या प्रकारच्या संवेदकाची साक्ष हवीच.

आणि पॅराशूट आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना प्रश्न: किती उंचीच्या वर ते कामाला येतं हे मोजलंय का?

अवकाशरेषा

मोजलंय. पॅराशूट उघडून भरायला वेळ लागतो, त्यामुळे उड्डाणाचे पहिले आणि शेवटचे काही मीटर ते असून नसल्यासारखं. म्हणूनच ज्या जागेवरून उडतो आणि जिथे सामान सोडतो, तिथे चारी बाजूंनी दोर बांधून माणसं लांब ठेवतो.

पॅराशूटवरून स्वित्झर्लंडची गोष्ट. तिथल्या टपाल खात्याने मॅटरनेट कंपनीच्या ड्रोननी २०१७ पासून लुगानोतल्या रुग्णालयांमध्ये नमुने न्यायला सुरुवात केली. जानेवारी २०१९ मध्ये झुरिकला एक ड्रोन बिघडला, पॅराशूट उघडलं आणि तो तलावात उतरला. ठरल्याप्रमाणे सगळं झालं. मे महिन्यात दुसरा बिघडला. यावेळीही पॅराशूट उघडलं, पण त्याची दोरी एका धारदार कडेवर घासून तुटली आणि ड्रोन दगडासारखा खाली आला. जवळच लहान मुलं होती. सुदैवाने कुणाला लागलं नाही. सेवा थांबवली गेली. नंतर एका दोरीच्या दोन झाल्या, त्यांना धातूचं वेष्टन आलं, आणि खाली येताना वाजणारी शिटी आणखी मोठी केली.

ही गोष्ट वाचल्यावर आम्ही पॅराशूटची चाचणी बदलली. आधी फक्त 'उघडतं का' बघत होतो. आता ड्रोन उलटा, आडवा, गिरक्या घेत असताना उघडून बघतो आणि उतरल्यावर दोरीवरून बोट फिरवून प्रत्येक इंच तपासतो. एकदा बोटाला किंचित खरखर लागली. बॅटरीच्या पट्टीचं टोक कापलेलं होतं, ते बारीक पण धारदार राहिलं होतं. कानशीने घासून गोल केलं, दोरी बदलली.

पक्षीवेडा

वरच्या सगळ्या नकाशांत घरटी कुठे आहेत?

कॅनबेरातच सप्टेंबर २०२१ मध्ये हॅरिसन भागात रेव्हन या कावळ्यासारख्या पक्ष्यांनी ड्रोनवर हल्ले केले आणि विंग कंपनीला तिथली सेवा थांबवावी लागली. पक्षी वेडे झाले नव्हते. विणीचा हंगाम होता, घरट्यावरून काहीतरी मोठं घोंघावत जात होतं, त्यांनी पिल्लं राखली. घारींसारख्या शिकारी पक्ष्यांनाही आपल्या हद्दीत दुसरं काही उडालेलं खपत नाही.

वाट ठरवण्याआधी एका पक्षीनिरीक्षकाला बरोबर घेऊन ती चाला, वर्षातून किमान दोनदा. उंच झाडं, मनोरे, पाण्याच्या टाक्या बघा. घरटं सापडलं तर त्या हंगामापुरती वाट वळवा. बरेच शिकारी पक्षी वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर येतात, त्यामुळे एकदा केलेली नोंद खूप काळ कामाला येते. हे माझ्यासारखी माणसं आनंदाने फुकट करतील, फक्त कुणी विचारत नाही.

अवकाशरेषा

विचारतो. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा.

नगररचना

दोन मुद्दे राहिलेत.

पहिला, नकाशा शिळा होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲरिझोनातल्या टॉलेसनमध्ये दोन डिलिव्हरी ड्रोन थोड्या वेळाच्या अंतराने एकाच बांधकामाच्या क्रेनला धडकले. इमारत नकाशावर असते, क्रेन नसते. ती आज आली आणि महिन्याने गेली. तारांचंही तसंच. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लोगनमध्ये एक ड्रोन विजेच्या तारांवर उतरला आणि सुमारे दोन हजार घरांची वीज गेली. बांधकाम परवाने देणाऱ्या विभागाकडून क्रेन उभी राहण्याआधी ड्रोन चालवणाऱ्यांना कळायला हवं, आणि तेही यंत्राला वाचता येईल अशा रूपात. रुग्णवाहिका हेलिकॉप्टरचंही तेच. ते आलं की बाकी सगळ्यांनी आपोआप खाली उतरायचं, ही सोय पहिल्या दिवसापासून हवी.

दुसरा, सेवा कुणाला मिळणार? अंगण असलेल्या बंगल्यात दोर सोडून पार्सल देणं सोपं. दहा मजली इमारतीत, चाळीत, दाट वस्तीत ते कठीण. मग आवाज दाट वस्तीने ऐकायचा आणि पार्सल बंगल्यात उतरायचं? चीनमधल्या शेन्झेनमध्ये मेइतुआन या घरपोच सेवा देणाऱ्या कंपनीने पेट्यांची केंद्रं उभारली आहेत. ड्रोन पेटीच्या माथ्यावर उतरतो, लोक खालून क्रमांक टाकून सामान घेतात. दाट वस्तीसाठी मला हीच दिशा योग्य वाटते. पेटी कुठे बसवायची ते त्या वस्तीतल्या लोकांना विचारून ठरवावं.

सायकलस्वार

सगळं पटतंय, तरी मूळ प्रश्न विचारतो. एक ड्रोन एका फेरीत एक-दोन किलो नेतो. मालवाहू सायकल एका फेरीत वीस घरं करते, आवाज नाही, पडली तर स्वतःच पडते. एवढा खटाटोप कशासाठी? शिवाय घरोघर सामान पोचवून पोट भरणाऱ्यांचं काय?

अवकाशरेषा

बहुतेक फेऱ्यांसाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि हे मी आमच्या बैठकीतही बोलतो. दोन-तीन किलोमीटरच्या दाट भागात, घाई नसलेल्या सामानासाठी सायकलच हवी. तिथे ड्रोन आणणं म्हणजे लोकांच्या डोक्यावर विनाकारण धोका आणि आवाज टांगणं, आणि माणसाच्या हातचं काम काढून घेणं.

जमिनीवरची वाट जिथे मोठा वळसा घेते किंवा मिनिटांनी खरोखर फरक पडतो, तिथेच मला ड्रोन योग्य वाटतो. आइसलंडच्या रेक्याविकमध्ये २०१७ साली खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर ड्रोन सुरू केले. रस्त्याने पंचवीस मिनिटांचा वळसा होता, हवेतून चार मिनिटं. शिवाय खाली पाणी, म्हणजे माझ्या हिरव्या नकाशात बसणारी वाट. रक्त, सर्पदंशावरचं औषध, तातडीचे नमुने यांनाही माझी पसंती. या फेऱ्या दिवसाला चाळीस नसतात, चार-सहा असतात. तेवढ्यासाठी लोकांकडे परवानगी मागायला तोंड राहतं.

चौथा_मजला

तुम्ही आवाजाबद्दल एवढं लिहिलंत म्हणून सरळ विचारते. तुम्ही आवाज मोजता तो कुठे उभं राहून? कुणाच्या घरात बसून ऐकलाय कधी?

अवकाशरेषा

नाही. खाली रस्त्यावर, तिपाईवर मापक ठेवून. प्रश्न वाचल्यावर दोन दिवस उत्तर द्यायचं टाळलं, कारण उत्तर 'नाही' होतं. पुढच्या चाचणीत कुणाच्या तरी गॅलरीत बसतो आणि इथे येऊन लिहितो.

अवकाशरेषा

तीन आठवडे झाले, उशिराबद्दल क्षमस्व. वारा मनासारखा मिळत नव्हता.

चाचणीच्या वाटेवरच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहतात. त्यांनी गॅलरीत बसू दिलं. एक मापक माझ्याजवळ, दुसरा नेहमीसारखा खाली. दोन्हींची वेळ जुळवली आणि दुपारी दोनला, खिडकी उघडी ठेवून, ड्रोन बोलावला.

वरून सरळ निघून जाताना दोन्ही मापकांत फार फरक नव्हता. ड्रोन ६० मीटरवर होता, आणि १३ मीटर वर बसल्याने आवाज हिशेबाने जेमतेम २ डेसिबल वाढतो. पण शेजारच्या आवारात पार्सल सोडायला तो २५ मीटरवर येऊन थांबला, तेव्हा सगळंच बदललं. खालच्या मापकापासून तो २५ मीटर, माझ्यापासून त्याच्या अर्ध्याहून कमी. अंतर अर्धं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, हे शाळेपासून माहीत आहे. तरी आमच्या अहवालात आजवर फक्त रस्त्यावरचाच आकडा जात होता. शिवाय समोरच्या भिंतीवरून परतणारा आवाज वेगळा. दोर खाली जाऊन पुन्हा गुंडाळेपर्यंत आजोबा बोलायचे थांबले होते. मीही.

आजींनी नंतर विचारलं, "हे किती वेळ थांबतं?" दोर सोडून परत घ्यायला पाऊण मिनिट लागलं होतं. आमच्या कागदावर हा वेळ उड्डाणात धरलेला आहे, आवाजात धरलेला नाही.

सोमवारी गटाची बैठक झाली. आता पार्सल सोडायची जागा कुठल्याही खिडकीपासून किती लांब हवी ते आधी ठरवणार, आणि मोजणी सगळ्यात वरच्या राहत्या मजल्यावरून करणार. या नियमात न बसणाऱ्या दोन जागा नकाशावरून काढल्या. त्यातली एक मला फार आवडायची, वाऱ्याच्या आडोशाला होती.

@चौथा_मजला, दुपारी दीड ते तीन ही वेळ बंद तासांत टाकली आहे. या इमारतीतही बाळं असणार.

चौथा_मजला

मनापासून आभार. खिडकीपासूनचं अंतर किती ठरलं ते कळवा. आमच्या सोसायटीच्या बैठकीत मला ते मांडायचंय.

सोल्डरगन

अवकाशरेषा, दोर गुंडाळायच्या पाऊण मिनिटातला किती वेळ विंचच्या (दोर गुंडाळणाऱ्या रहाटाच्या) मोटरीचा आणि किती वेळ दोर डुलायचा थांबण्याची वाट बघण्यात जातो? डुलण्यात जात असेल तर हूकला थोडं वजन देऊन आणि खालच्या टप्प्यात वेग कमी करून बघा. आमच्याकडे बराच फरक पडला होता. नोंदी पाठवल्यात तर बघतो.

अवकाशरेषा

बहुतेक वेळ डुलण्यातच जातो. नोंदी आज रात्री पाठवतो.